मार्गोपदेशक भांडारकर

पुण्यातल्या भांडारकर रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात-येतात. तिथून फार दूर नाही अशा ठिकाणी, टेकडीच्या पायथ्याशी, त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला भांडारकर म्हटले की दख्खनचा प्राचीन इतिहास आठवतो. समाजसुधारणेच्या अभ्यासकाला प्रार्थना समाज आणि संमतिवयाचा वाद आठवतो. पण ज्या कामामुळे त्यांचे नाव शाळकरी मुलांच्या दप्तरापर्यंत पोचले, ते काम त्यांच्या चरित्रात बहुधा एखाद्या ओळीत उरकले जाते. ते काम म्हणजे संस्कृत शिकविण्यासाठी लिहिलेली दोन पाठ्यपुस्तके.

आपल्याकडे पाठ्यपुस्तक लिहिणे हे विद्वत्तेच्या पायरीवरचे खालचे काम समजले जाते. संशोधन थोरांनी करावे, क्रमिक पुस्तके पोटासाठी कोणीतरी लिहावीत, अशी एक अलिखित वाटणी आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे आयुष्य नीट पाहिले तर ही वाटणी किती खोटी आहे ते कळते. एखादी भाषा कोणत्या क्रमाने शिकवावी, पहिल्या दिवशी काय सांगावे आणि काय मुळीच सांगू नये, याचा विचार त्यांनी ज्या बारकाईने केला, तोच बारकावा पुढे ताम्रपट वाचताना त्यांच्या उपयोगी पडला. शिवाय हा प्रश्न केवळ अध्यापनाचा नव्हता. संस्कृत कोणी शिकावे, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न होता.

मालवण ते मुंबई

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणला झाला. घराणे सारस्वतांचे, मूळ आडनाव पत्की. वडील महसूल खात्यात कारकून. १८४७ साली त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि त्यामुळे मुलाला तिथल्या सरकारी इंग्रजी शाळेचे दार दिसले. पुढे १८५३ साली रामकृष्ण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. तिथे त्याला गणित शिकविणारे शिक्षक होते दादाभाई नौरोजी. या विद्यार्थ्याचा ओढा तेव्हा गणिताकडेच होता. संस्कृत पंडित होण्याची कोणतीही पूर्वचिन्हे त्यात नव्हती.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत भांडारकर उत्तीर्ण झाले आणि १८६२ साली विद्यापीठाचे जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर ते होते. पुढच्याच वर्षी ते एम. ए. झाले.

या काळात ते दक्षिणा फेलो होते. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटीत, त्या निधीचा काही भाग इंग्रजी राजवटीत विद्यार्थ्यांच्या वेतनाकडे वळविण्यात आला होता. फेलो असताना शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृतच्या अभ्यासाकडे वळविले. तेव्हा भांडारकर विशीत होते, इंग्रजी आणि गणितात तयार झालेले होते. पुण्यात शास्त्र्यांजवळ बसून त्यांनी जुन्या पद्धतीने व्याकरण शिकायला सुरुवात केली.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. मुंज झाल्यापासून ज्याच्या कानावर रूपावली पडते, त्याला आपण संस्कृत कधी आणि कसे शिकलो हे आठवत नाही. भांडारकर मोठेपणी शिकले. कोणती पायरी उंच आहे आणि कुठे अकारण ठेच लागते, याची आठवण त्यांच्यापाशी ताजी होती. चांगला अभ्यासक्रम आखणाऱ्याजवळ विषयाचे ज्ञान तर असावेच लागते, पण ते ज्ञान नव्हते तेव्हाची अडचणही त्याच्या लक्षात राहावी लागते.

जुनी वाट

पाठशाळेतील क्रम ठरलेला होता. रूपावली, समासचक्र, अमरकोश आधी मुखोद्गत करायचे. मग लघुकौमुदी, मग सिद्धांतकौमुदी, आणि ज्याचे भाग्य थोर त्याला महाभाष्य. यात वर्षेच्या वर्षे जात. पद्धत कच्ची होती असे मुळीच नाही. त्या वाटेने गेलेला माणूस शब्दाचे मूळ अक्षराअक्षरापर्यंत सांगू शके. पण वाट त्याच्यासाठी आखलेली होती ज्याला दुसरे काही शिकायचेच नव्हते.

लघुकौमुदीचेच पाहा. आरंभी संज्ञा, मग संधी, मग नामांची रूपे, मग अव्यये, आणि त्यानंतर कुठे क्रियापद. म्हणजे विद्यार्थी पुस्तकाचा मोठा भाग पार करीपर्यंत त्याला एक साधे वाक्य स्वतःच्या बळावर करता येत नाही. क्रियापद आल्यावरही भवति हे रूप असे सहज हाती येत नाही. भू या धातूला लट् लावायचा, त्याच्या जागी तिप् आणायचा, मध्ये शप् घालायचा, उकाराचा गुण करायचा, ओकाराचा अव् करायचा, तेव्हा भवति. शास्त्र म्हणून हे अप्रतिम आहे. पण ज्या मुलाला आठवड्यात इंग्रजी, गणित, इतिहास आणि भूगोलही शिकायचा आहे, त्याला ते पेलणारे नव्हते.

दुसऱ्या बाजूला युरोपीय पंडितांनी इंग्रजीत लिहिलेली संस्कृत व्याकरणे होती. विल्सन, मोनियर विल्यम्स यांची पुस्तके विद्वत्तापूर्ण होती. पण ती व्याकरणे होती, अभ्यासक्रम नव्हते. ज्याला नियम शोधायचा आहे त्याला तो सापडे, पण आज काय शिकावे आणि उद्या काय, हे त्यांत नव्हते.

याच सुमारास मुंबई विद्यापीठाने एक मोठा निर्णय घेतला. उच्च परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषा काढून त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा आणल्या. १८६० च्या दशकातल्या या बदलामुळे मराठीचे जे नुकसान झाले ते भरून यायला पुढे रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले. मात्र एक गोष्ट एका फटक्यात घडली. इंग्रजी शाळांतल्या असंख्य मुलांना अचानक संस्कृत हवे झाले, आणि त्यांना शिकविण्यासाठी योग्य पुस्तक नव्हते.

दोन पुस्तके

१८६४ साली भांडारकर सिंधमधील हैदराबादच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. १८६५ साली ते रत्नागिरीला, ज्या शाळेत शिकले तिथेच, मुख्याध्यापक म्हणून परतले. संस्कृतची दोन्ही पुस्तके याच दशकातली. म्हणजे ती लिहिणारा माणूस प्राध्यापक नव्हता, रोज वर्गात उभा राहणारा तरुण शाळामास्तर होता. पहिल्या पुस्तकाचे नाव त्यांनी मार्गोपदेशिका ठेवले आणि दुसऱ्याचे संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका. एक वाट दाखविणारी, दुसरी मंदिराच्या आतवर नेणारी. या नावांतला अर्थ पुढे पाहू.

पुस्तक उघडले की पहिल्याच धड्यात क्रियापद भेटते. थोडे धातू, वर्तमानकाळाचे थोडे प्रत्यय, बस्स. संस्कृतात क्रियापद एकटेच वाक्य होऊ शकते, कारण कर्ता त्याच्या प्रत्ययात दडलेला असतो. वदामि म्हटले की वाक्य पुरे झाले. ज्या मुलाने आज पहिल्यांदा पुस्तक हाती धरले, तो तासाभरात संस्कृत वाक्य वाचतो आणि दुसरे स्वतः तयार करतो. लघुकौमुदीत ज्या ठिकाणी पोचायला महिने लागत, तिथून भांडारकरांनी सुरुवात केली.

त्याहून कौशल्याचे काम धातूंच्या निवडीचे. संस्कृत धातूंचे दहा गण आहेत. जुन्या क्रमात पहिल्या भ्वादि गणानंतर लगेच अदादि आणि जुहोत्यादि हे आडमुठे गण येतात. तिथे धातूचे अंग एका रूपात सबळ तर दुसऱ्या रूपात दुर्बळ होते, आणि संधीचे नियम पावलोपावली आड येतात. भांडारकरांनी क्रम मोडला. पहिल्या, चौथ्या, सहाव्या आणि दहाव्या गणांत धातूचे अंग अकारान्त असते आणि ते स्थिर राहते. हे चार गण त्यांनी पहिल्या पुस्तकासाठी वेगळे काढले. उरलेले सहा गण, तसेच परोक्ष भूतकाळ, भविष्यकाळाची रूपे आणि अद्यतन भूतकाळ यांसारखी अवघड प्रकरणे दुसऱ्या पुस्तकात ठेवली. परंपरेने दिलेली क्रमवारी शास्त्राच्या सोयीची होती. भांडारकरांची शिकणाऱ्याच्या सोयीची आहे. नियम तेच, पाणिनीला कुठे बाध आलेला नाही. फक्त कोणता नियम केव्हा सांगायचा, एवढेच बदलले.

प्रत्येक धड्याची रचना सारखी. आधी थोडे नियम, मग संस्कृत वाक्ये इंग्रजीत आणण्यासाठी, मग इंग्रजी वाक्ये संस्कृतात नेण्यासाठी, आणि धड्यापुरता शब्दसंग्रह. युरोपात लॅटिन, फ्रेंच, जर्मन शिकविण्यासाठी अशा धड्यांच्या पुस्तकांची चाल तेव्हा रुळली होती. ती संस्कृतला लावणे वाटते तेवढे सोपे नाही. कारण प्रत्येक वाक्य असे बेतावे लागते की त्यात अजून न शिकविलेला एकही नियम शिरता कामा नये. संस्कृतात दोन शब्द शेजारी आले की संधी उभा राहतो, त्यामुळे पाचव्या धड्याचे वाक्य लिहिताना वीस धड्यांचा हिशेब डोक्यात असावा लागतो. गणिताच्या विद्यार्थ्याचे शिक्षण इथे कामी आले असावे, असे हे धडे पाहताना वाटते.

शाळेतून विद्यापीठात

या पुस्तकांनंतर भांडारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. त्यांचे काम सगळ्यांना माहीत होते. तरीही कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटर पीटरसन यांना आणण्यात आले आणि ज्यांच्या पुस्तकांवर इलाख्यातील मुले संस्कृत शिकत होती त्या भांडारकरांना दुय्यम जागेवर राहावे लागले. वर्णाने आणि जन्माने ठरणारी ही पायरी त्या काळच्या प्रत्येक हिंदी विद्वानाच्या वाट्याला आली. भांडारकरांनी कटुता धरली नाही. पुढे हस्तलिखितांच्या शोधाचे मोठे काम दोघांनीही केले. १८८२ साली कीलहॉर्न निवृत्त झाल्यावर भांडारकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १८९३ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यानंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

दरम्यान अभ्यासक्रमाच्या वरच्या पायऱ्याही बांधल्या जात होत्या. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी सुरू केलेल्या मुंबई संस्कृत ग्रंथमालेत भांडारकरांनी १८७६ साली भवभूतीचे मालतीमाधव पाठभेदांसह संपादित केले. १८७७ साली विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी संस्कृतापासून प्राकृतांमार्गे मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांपर्यंतचा प्रवास उलगडून दाखविला. ज्या देशी भाषांना विद्यापीठाने बाहेर ठेवले होते, त्यांचे शास्त्रशुद्ध कूळ सांगणारी ही व्याख्याने त्याच संस्कृत पंडिताने दिली.

त्यांच्या पायावर इतरांनी इमारत चढविली. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेज उभारणाऱ्यांपैकी वामन शिवराम आपटे यांनी १८८१ साली संस्कृत लेखनासाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आला. मग मो. रा. काळे यांचे मोठे व्याकरण आले. भांडारकर, आपटे, काळे या क्रमाने शिकत जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट झाली.

ही पद्धत परदेशीही गेली. ब्यूलर १८६३ पासून मुंबईत होते आणि इथल्या शाळा-कॉलेजांतले संस्कृत शिक्षण त्यांनी जवळून पाहिले होते. व्हिएन्नाला गेल्यावर १८८३ साली त्यांनी जर्मन विद्यार्थ्यांसाठी जे प्राथमिक पुस्तक काढले, ते याच घाटाचे आहे. त्या पुस्तकाच्या आधारावर अमेरिकेत कोलंबियाचे प्राध्यापक पेरी यांनी इंग्रजी प्रवेशिका तयार केली. तीही अनेक दशके चालली. युरोपकडून आपण शिकलो ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. संस्कृत शिकविण्याच्या या रीतीत मुंबई इलाख्यातील वर्गांचा वाटा होता, हेही सांगायला हवे.

मंदिराचे दार

आता त्या नावांकडे वळू. मंदिरात नेणारी प्रवेशिका हे नाव ठेवणारा माणूस प्रार्थना समाजाचा होता. देवळात कोणाला जाता येते आणि कोणाला येत नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते. संस्कृतच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना धर्मपंडितांचा रोष सोसावा लागला आणि त्यांनी रानात जाऊन बिऱ्हाड केले. पंडिता रमाबाई त्यांची कन्या. ज्या भाषेच्या शिक्षणासाठी घर सोडावे लागत होते, तिची दोन पुस्तके भांडारकरांनी छापून बाजारात आणली. शास्त्रीबुवा कोणाला शिष्य म्हणून घ्यायचे ते ठरवू शकतात. छापलेले पुस्तक गिऱ्हाइकाची जात विचारत नाही.

त्याचे परिणाम भांडारकरांच्या हयातीतच दिसले. १८८४ साली पुण्यात मुलींसाठी हुजूरपागेची शाळा सुरू झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह त्यांनी लावला. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात धर्मशास्त्र काय सांगते यावर त्यांनी मूळ ग्रंथांच्या आधारे टिपण लिहिले आणि टिळकांशी त्यांचा वाद झाला. पूर्वी शास्त्रार्थ हा मूठभर पंडितांमधला असे. आता ज्याने शाळेत संस्कृत घेतले आहे असा साधा वाचकही दोन्ही बाजूंचे श्लोक काढून पाहू शकत होता. त्याला कोणाचा पक्ष पटला ही गोष्ट निराळी.

पण दार पुरते उघडले होते का? याचे उत्तर मुंबईतल्या एका वर्गात मिळते. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊनच. पुस्तक दुकानात मिळत होते, शाळा सरकारी होती, आणि तरीही शिकविणारा तयार नव्हता. १९१३ साली आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथेच पेरींची ती संस्कृत प्रवेशिका जन्मली होती. मुंबईच्या वर्गांत रुजलेली रीत न्यूयॉर्कला पोचली, पण मुंबईतल्याच एका बाकापर्यंत तिला पोचू दिले नाही. पुढे आंबेडकरांनी संस्कृत स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केले आणि शूद्र कोण होते याचा शोध घेताना वेद-पुराणांची साक्ष काढली.

भांडारकरांना ही उणीव दिसत नव्हती असे नाही. १९१२ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी पुण्यात अस्पृश्यता निवारण परिषद भरविली, तिचे अध्यक्षपद पंचाहत्तरी गाठलेल्या भांडारकरांनी भूषविले. मात्र पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाताबाहेर बरेच काही असते. अभ्यासक्रम कितीही उदार असला तरी वर्गाच्या उंबरठ्यावर कोण उभा आहे, यावर शेवटी सारे ठरते.

उणिवा आणि वारसा

पुस्तकांतही उणिवा आहेत. मराठी मुलाला संस्कृत शिकण्यासाठी आधी इंग्रजी यावे लागे, ही अट विचित्रच. संस्कृत आणि मराठी यांचे रक्ताचे नाते असताना मध्ये इंग्रजीचा दुभाष्या बसला. कालांतराने गुजरातीसारख्या भाषांत मार्गोपदेशिका आली. सावंतवाडीकडचे श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी संस्कृत स्वयंशिक्षक लिहून देशी भाषांतून आणि शिक्षकावाचून शिकण्याची सोय केली. भाषांतरावर भर दिल्यामुळे वाचता येते, लिहिता येते, पण तोंडातून वाक्य निघत नाही, हा आक्षेपही खरा आहे. भांडारकरांचा हेतू मात्र ग्रंथ वाचता यावेत हा होता, आणि त्या हेतूला त्यांची रीत पुरी पडली.

१९११ साली त्यांना सर हा किताब मिळाला. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची संस्था पुण्यात स्थापन झाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. १९१९ साली तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, ते १९६६ साली पूर्ण झाले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी भांडारकर गेले.

महाभारताची हजारो पाने आणि असंख्य पाठभेद जुळविणारी अभ्यासकांची फळी आकाशातून पडत नाही. तीही कुठल्यातरी शाळेत, कुठल्यातरी मास्तरासमोर, चार गणांची रूपे घोकत तयार झालेली असते. आज संस्कृत हा दहावीत गुण मिळवून देणारा विषय समजला जातो. गाइडांच्या आधारे शंभरपैकी शंभर पडतात आणि निकाल लागला की विषय संपतो. मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांसाठी, अमराठी माणसांना मराठी शिकविण्यासाठी, आदिवासी बोलींतून प्रमाण मराठीकडे येणाऱ्या मुलांसाठी आपल्याला पुस्तके हवी आहेत. ती कोण लिहिते आहे? भांडारकरांनी हे काम तरुण वयात, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून, कोणी मोठे म्हणण्याची वाट न पाहता केले. आपल्या विद्यापीठांतले पहिल्या प्रतीचे विद्वान असे एखादे पहिले पुस्तक लिहायला बसतील, तेव्हा भांडारकर रस्त्यावरच्या पाटीला खरा अर्थ येईल.